त्रेचाळीस डरकी आणि एक

२ डिसेंबर, मंगळवार

नवी वही. पहिल्या पानावर यादी असावी. आजपर्यंत माझ्या हातानं झालेलं:

घराची दारं दोन, चौकटीसकट. अक्काच्या शेतातल्या खोलीचं दार एक, आतून अडसर. शेंगा फोडायचं यंत्र, सायकलच्या चाकावरचं. बाजाच्या पेट्या दोन. पहिलीचा एक सूर चढा राहिला, दुसरी बिनचूक. लाकडी चाकांचं घड्याळ, दिवसाला चार मिनिटं मागं पडतं, कारण सापडलंय. रानडुकरं पळवायची डरकी त्रेचाळीस.

नववी नापास. कुणी शिकवलं नाही. दुसऱ्याची वस्तू उघडायची, बघायची, तशीच करायची, तिच्या शेजारी ठेवायची. फरक दिसतोय तोवर हात थांबवायचा नाही. याला नक्कल म्हणतात. म्हणोत. लेकरू बोलायला तरी दुसरं कसं शिकतं?

क्र. ४३ आज सकाळी पुरं झालं. माप लिहून ठेवतो: मडकं नळदुर्गच्या कुंभाराचं, तोंड नऊ बोटं. त्यावर शेळीचं कातडं, दोन दिवस भिजवून ताणलेलं. कातड्याच्या मधोमध कळकाची काडी उभी बांधलेली, दीड वीत. काडीवर ओलं फडकं घट्ट धरून वर ओढलं की जड आवाज, खाली आणलं की हलका. करवतीनं लाकूड कापावं तसं. अकरा वेळा, मग गप्प. हुबेहूब बिबट्या. रानडुकरांचा कळप हरभऱ्यातून जो उठतो तो तीन शिवारं ओलांडून थांबतो.

एकच खोट होती. काडीच्या पेरावर फडकं अडायचं, बारीक 'टक्' यायचं. बाकी कुणाला ऐकू येत नव्हतं. मला यायचं. शेवटच्या सातांत पेर घासून मेण भरलं. टक् गेलं. अक्काचं क्र. ३८ त्यातलंच. आता गावातली जुनी बाराही घासायची. दुपारी सुरुवात केली, ओढ्यापलीकडच्या बाबूरावांच्या क्र. १२ पासून. संध्याकाळी त्यांच्या शेतातल्या लिंबाला नेऊन अडकवलं. ते खोलीवर नव्हते.

६ डिसेंबर, शनिवार

गावातली एकोणीसच्या एकोणीस आता सारखी. एकातही टक् नाही. उरलेली चोवीस बाहेरगावी आहेत: ईटला सहा, सोनारीकडं चार, बाकी हायवेच्या कडेनं. ती नंतर.

कुत्रं तीन दिवस झाले अंगणात झोपत नाही. दाराला नखं मारतं, आत घ्या म्हणून. सौ. म्हणाली, "तुमच्या मडक्याला भ्यालंय ते." असेल. म्हणजे काम चोख.

सोलापूरहून फोन होता. फवारणी पंपाचा व्यापारी. आवाज भरून घेतो, बॅटरीवर वाजणारं यंत्र काढतो, जिल्हाभर खपवतो म्हणाला. डब्यावर माझं नाव. विचार करतो म्हणालो. फोन ठेवल्यावर अर्धा तास कामात लक्ष नव्हतं. डब्यावर नाव कुठल्या अक्षरात असावं, हेच डोक्यात.

७ डिसेंबर, रविवार

ईटहून मेहुण्याचा फोन. तिथं एकानं डालड्याच्या डब्याचं डरकं केलंय. माझं बघून. काडी बाभळीची! आवाज कसा, तर म्हशीला उचकी लागल्यासारखा. शंभर रुपयाला विकतोय. संताप आला. ज्याला कळकाचं पेर आणि बाभळीची गाठ यातला फरक कळत नाही, त्यानं हात घालावाच कशाला?

सौ. भाकरी थापता थापता: "तुमी वाघाची केली, त्यानं तुमची केली. कुणाचं काय गेलं?"

तिला सांगितलं, मी नऊ दिवस ऐकलं होतं. ढाब्यावर एका ट्रकवाल्याच्या मोबाईलवर बिबट्याचा आवाज मिळाला. तो स्वतःच्या मोबाईलवर घेतला आणि नऊ दिवस कानाला लावून शेतात बसलो. किती श्वास आत, किती बाहेर, मध्ये किती थांबतो. आधीची दहा डरकी अंदाजानं केलेली, डुकरं आठवड्यात सरावली होती. अकरावं खरं उतरलं, मग ती दहाही त्याबरहुकूम नव्यानं बांधली.

"मग त्यो डब्यावाला बी ऐकंल की नऊ दिस," म्हणाली.

१० डिसेंबर, बुधवार

अक्काकडं गेलो, ज्वारीचं पीठ आणि गोडेतेल घेऊन. भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली, ती अजून शेतातच एकटी. गाय भरलीय, महिनाअखेर व्यायची. गावात ये म्हटलं की तेच उत्तर, "गाईला काय तुझ्या माडीवर बांधू?"

सं. ६ वाजून ५ मि. तिनं डरकं घेतलं मांडीवर. माझ्यापेक्षा बरं वाजवते, मानलं पाहिजे. मनगट सैल ठेवते. अकरा झाले. मग मला म्हणाली, "आता ऐक."

ओढ्यापलीकडून उत्तर आलं.

"बाबूराव," अक्का म्हणाली. "रोज ह्याच टायमाला. मी वाजवलं की त्ये वाजवत्यात. मी परत वाजवलं की त्ये परत. गप्पाच म्हण की! म्हातारपणी ह्येवढंच राह्यलंय."

हसलो. पण कान तिकडंच. टक् नाही, ते ठीक, मीच काढलंय. पण जड ओढ इतकी भरदार? माझ्या एकाही डरक्यातून अशी आली नाही. क्र. १२ चं कातडं तर सैल होतं. बाबूरावांनी काय केलं? मनात नको ते आलं, हेवा म्हणतात ते. उद्या जाऊन बघतो.

११ डिसेंबर, गुरुवार

स. ९. बाबूरावांच्या शेतात गेलो. खोलीला कुलूप. क्र. १२ लिंबाला. मी अडकवलं तसंच, दोरीला माझीच गाठ, दुहेरी, शेपूट आत खोचलेलं. काडीच्या बुडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. पुरं वाळलेलं. नख लावून बघितलं, दगड. त्या काडीवर फडकं फिरलेलं नाही. काल नाही, परवा नाही.

फोन लावला.

"अरे अंकुश! मी पुण्यात हाय. तीन तारखेपासनं. लेकीला पोरगी झाली. येळवशीला बी यायचं जमत न्हाय बघ. पेढे उधार."

अभिनंदन म्हणालो.

तीन तारखेपासून. आठ संध्याकाळी.

लिंबाखाली उभा होतो, पुढं ऊस, तोडणीला आलेला, माणूस बुडेल इतका. त्या उसाकडं पाठ करून चालता येईना. उलटा चालत बांधापर्यंत आलो. कुणी बघितलं असतं तर वेडा म्हणाले असते.

११ डिसें., पुन्हा

अक्काला सांगितलं. आधी हसली. "मग काय भूत वाजवतंय व्हय?" मग माझ्या तोंडाकडं बघितलं. मग गोठ्याकडं. उठून आत गेली, डरकं आणलं, माझ्या हातात दिलं. फडकं अजून ओलं होतं.

सहाला दोघंही आत बसलो. ६.०५ ला आलं. अकरा. थांबलं. उत्तराची वाट बघण्याइतकं थांबलं. मग परत अकरा. मग परत.

अक्का हळूच म्हणाली, "बिचारं."

माझ्या मानेवरचे केस उभे होते आणि ही म्हणते बिचारं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वनखात्याला फोन केला होता, वनरक्षक मॅडम आल्या. तरुण, बोलायला सरळ. मला आधी डरकं वाजवायला लावलं. वाजवलं. खरं सांगायचं तर चोख वाजवलं, तेवढ्यातही.

त्यांनी वही मिटली. "हे तुम्ही कशावरून बसवलं?"

मोबाईलवरचा आवाज ऐकवला. दोनदा ऐकला त्यांनी.

"हा गुरगुराट नाहीये काका. धमकी नाही. ही बहुतेक मादी आहे. जोडीदाराला बोलवताना अशी सलग ओरडते. मी इथं आहे, ये, असं."

"पण डुकरं पळतात."

"डुकरं पळणारच. त्यांना बिबट्या तो बिबट्या. पण ऐकणारी नुसती डुकरंच नाहीत ना."

एकोणीस मडकी, रोज संध्याकाळी, शिवारभर. ये, ये, ये.

मी श्वास मोजले. थांबे मोजले. तो आवाज काय म्हणतोय हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. नऊ दिवसांत एकदाही नाही. परकी भाषा घोकून बाजारात मोठ्यानं बोलावी तसं केलं मी, आणि ती भाषा कळणारा कुणीतरी बाजारात होता.

मॅडमना विचारलं: आता वाजवणं बंद केलं, तर तो लांब जाईल की शोधत जवळ येईल?

"सांगता येत नाही," म्हणाल्या. "तुम्ही आधी मडकी बंद करा. आणि अक्कांना एकट्यांना शेतात ठेवू नका."

१४ डिसेंबर, रविवार

मडकी परत मागत गावभर फिरतोय. दोन दिवसांत सात. क्र. १२ मीच सोडवून आणलं, क्र. ३८ अक्काचं, एकूण नऊ. बाकीचे देत नाहीत.

दगडू (हरभऱ्याचा शेजारी, क्र. २९) चारचौघांत: "अंकुशभाऊ, आपल्याच मडक्याला भ्याले व्हय? सोंग बी तुमचं, पळायलात बी तुमीच!" सगळे हसले. "डुकरानं रान साफ केलं तर तुमी भरून देनार का?"

डुकरं खरी आहेत.

मी म्हणालो, उसात खरा आहे, मी ऐकलाय. तर दुसरा कुणी म्हणतो, "तुमीच म्हनाला व्हता ना, खऱ्यात आन माज्यात फरक दाखवा, हजार रुपये देतो. मग आता तुमीच दाखवा फरक."

म्हणालो होतो. दिवाळीत. मोठ्यानं.

फरक होता. टक् होतं. पेरावरचं. ते असतं तर आज उभं राहून सांगितलं असतं, हे मडकं, हा तो. बारा दिवसांपूर्वी कानस घेऊन बसलो आणि तेवढीच एक खूण माझ्या हातानं घासून टाकली. मेण भरलं वर.

१७ डिसेंबर, बुधवार

आणखी दोन मिळाली. अकरा झाली. माळ्यावर ओळीनं ठेवलीत, फोडवत नाहीत. आठ अजून बाहेर. नंबर आणि नावं या वहीच्या मागच्या पानावर.

आवाज रोज आहे. गावातले म्हणतात अक्काचं मडकं. अक्काचं मडकं माझ्या माळ्यावर आहे म्हटलं तर म्हणतात मग बाबूरावाचं.

ईटला मेहुण्याला फोन केला, तिथली सहा बंद ठेवा म्हणून. तो म्हणाला, "दाजी, मडकं कशाला लागतंय आता? इकडं शाळेतली पोरं बी तोंडानं काढत्यात. गुरुजी वर्गात आले की मागनं एकजण सुरू."

पूर्वी ऐकलं असतं तर छाती फुगली असती.

परवा येळवस, अवसेची शेतातली पूजा. सगळं गाव शेतात असणार, बायका, लेकरं, पाव्हणे, अंधार पडेपर्यंत. सौ.ला म्हणालो, या वर्षी आपण नको जायला. येळवशीला घरी बसलेलं माणूस तिनं जन्मात पाहिलेलं नाही. मी तरी कुठं.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस

दाराला कडी घालून लिहायला बसलो.

दिवसभर नीट गेलं. कडब्याची कोपी, पूजा, भज्जी, आंबील. पाव्हणे पोट फुटेस्तोवर जेवले. मी दर दहा मिनिटाला माणसं मोजत होतो. सौ. म्हणाली, "मेंढरं हायती का?"

अक्का आमच्यातच, पण डोळे तिच्या गोठ्याकडं.

दिवस बुडता बुडता हेंडगे पेटले. कडब्याच्या जळत्या पेंढ्या घेऊन लोक आपापल्या रानाभोवती पळायला लागले, ओरडत, लेकरं मागं. आणि दगडूला लहर आली. बांधावर बसून त्यानं डरकं सुरू केलं. त्याचं बघून दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. मडकी आणली होतीच सगळ्यांनी, जेवून हरभरा राखायला बसणार होते. आठही दगडूच्या बांधावर जमली. मजा म्हणून. कुणीतरी मोबाईलवर काढत होतं. लेकरं तोंडानं काढत होती, चार पायांवर चालत होती, एकमेकांना चावत होती.

मी वही काढली. हेंडग्याच्या उजेडात नंबर तपासले. २९, ४, ७, १५, १९, ३१, ४०, ४१. आठ. आठही डोळ्यांसमोर. आठ माणसं, आठ मांड्या, आठ काड्या.

ओरडलो, "थांबा! सगळे हात वर!"

माझा आवाज कसा निघाला माहीत नाही, पण थांबले. आठही जणांनी हात वर केले, हसत. दगडूच्या हातात फडकं लोंबत होतं.

नववं उसातून आलं.

अकरा. जड, हलका, जड, हलका. साठ पावलं. सत्तर नसेल.

लेकरं हसली. दगडू म्हणाला, "वा! कोन हाय रं तिकडं? भारी वाजवतोय!" आणि हात खाली घेऊन उत्तर द्यायला फडकं काडीला लावलं.

मी त्याचं मडकं लाथेनं उडवलं, फुटलं.

त्यानं माझी गचांडी धरली. बायका मध्ये पडल्या. मी ओरडत होतो, मोजा, मोजा, आठच आहेत, आठच. "तुजाच नंबर चुकला असंल," कुणीतरी म्हणालं. माझा नंबर. माझा!

पण लेकरांना उचललं बायकांनी. एवढं मात्र झालं. पहिल्यांदा अक्कानं एकाला काखेत घेतलं आणि गावाची वाट धरली, मग बाकीच्या तिच्या मागं. एकीनं केलं तसं सगळ्यांनी केलं. त्या एका नकलेनं आज लेकरं घरी आली.

२० डिसेंबर, शनिवार

मॅडमनी उसाच्या कडेला ठसे दाखवले. मऊ मातीत, चार बोटं, नखं नाहीत. माझा तळहात शेजारी ठेवून बघितला. दगडूही आला होता. वाकून बघितलं त्यानं. मग म्हणाला, "मी उत्तर देनार व्हतो." एवढंच. दुपारी क्र. ३१ आणि ४० स्वतः आणून दिली त्यानं, दुसऱ्यांची मागून. संध्याकाळपर्यंत उरलेली पाचही आली.

सगळी फोडली. क्र. ३८ सगळ्यात शेवटी. खापऱ्या विहिरीच्या भरावात टाकल्या. हाताला कापलं, दोन ठिकाणी. बाहेरगावच्या चोवीसांना फोन केले. अकरा जणांनी उचलला, सहा जणांनी हो म्हटलं.

झाडाला कॅमेरा बांधलाय. पिंजऱ्याची परवानगी वरून यायची.

२२ डिसेंबर, सोमवार

रात्री अक्काच्या खोलीवर बारा तारखेपासून झोपतोच, आता दिवसाही इथंच. ती गाय सोडत नाही, मी तिला सोडत नाही. गाय चालवायची म्हटलं तर पाय सुजलेत तिचे, गावापर्यंत येणार नाही. टेम्पो बघितला, वाट रुंद नाही.

हे दार मी केलंय. पाच वर्षांपूर्वी, चार दिवसांत. आज पहिल्यांदा आतून नीट बघितलं. खाली दोन बोटं फट. तेव्हा मला चालली होती. पाणी निघून जायला बरी म्हणालो होतो. अडसराचं लाकूड सागाचं नाही, आंब्याचं. हेही तेव्हा चाललं. दिवसभर फळी तासून फट बुजवली, अडसर बदलला. चांगलं काम झालं. गोठ्याला तर दारच नाही, जाळी आहे. जाळीला दुसरी जाळी.

शिवार गप्प. एक मडकं नाही. त्या शांततेत तो एकटा. काल ओढ्याच्या पल्याड होता. आज अल्याड.

२४ डिसेंबर, बुधवार

गाय पहाटे व्याली. कालवड. कपाळावर पांढरं.

अक्का खुशीत, चीक घेऊन जा म्हणे सौ.ला. मी वार खोल पुरली, वरून राख, वरून काटे. वास जातो का, माहीत नाही.

कालवड दोन तासांत उठली. गाईनं चाटलं, हिनं जीभ बाहेर काढून हवेत चाटलं. आईचं बघून. अक्का हसली, "शिकाय लागली बघ." मला रडू आलं. अक्कानं बघितलं नाही असं केलं.

२५ डिसेंबर, गुरुवार

कॅमेऱ्यात फोटो मिळाला. मॅडमनी मोबाईलवर दाखवला. नर. कॅमेऱ्याकडंच बघतोय. माझ्याकडं. वेळ सं. ५.५८. गोठ्यापासून एकशे चाळीस पावलं, मी चालून मोजली.

"तो अजून शोधतोय," म्हणाल्या. "उत्तर मिळत होतं, बंद का झालं, हे त्याला कळत नाहीये." मग, "काका, तुम्ही फारच चांगलं बनवलं होतं."

दोन वर्षं हे कुणीतरी म्हणावं म्हणून वाट बघितली.

२७ डिसेंबर, शनिवार

दु. ३. सोलापूरचा व्यापारी थेट अक्काच्या खोलीवर आला. गाडी हायवेला लावून चालत. घामाघूम. सौ.नं पत्ता दिला. अक्कानं चहा टाकला.

म्हणालो, मडकी संपली. फोडली सगळी. आवाज मिळायचा नाही.

"मडकं कुठं मागतोय," म्हणाला. मोबाईल काढला. येळवशीचा व्हिडिओ, कुणाच्या स्टेटसवरून फिरत फिरत त्याच्यापर्यंत. हेंडगे, लेकरं, हसणं, माझी आठ डरकी. मग माझं ओरडणं. मग शांत. मग ते.

गोठ्यात गाय उठून उभी राहिली. कालवड तिच्या पोटाखाली. अक्काच्या हातातली गाळणी तशीच.

त्यानं मोबाईल थांबवला. "हे आधीचे आठ चांगलेत, मिस्त्री. पण हा शेवटचा! अंगावर काटा येतो. हाच पाहिजे मला. तुमच्या नावानं. हा कितव्या नंबरचा?"

खोटं लिहीत नाही. एक श्वासभर वाटलं, म्हणावं चव्वेचाळीस. कुणाला कळणार होतं? त्या भरदार ओढीसाठी दोन वर्षं घासत होतो.

"तो माझ्या हातचा नाही," म्हणालो.

"मग कुणाचा? नाव सांगा, त्याच्याकडं जातो."

अक्का म्हणाली, "त्यो उसात ऱ्हातो. जावा भेटाय."

तो हसला. मला म्हणाला, "भाव वाढवताय काय?" आणि वाढवला. दोनदा. कार्डाच्या पाठीवर आकडा लिहून खाटेवर ठेवला. समजावलं त्याला, ही हाक आहे, गावोगावी ही हाक लागली तर गावोगावी कुणाच्या तरी अक्काच्या दारात... तो ऐकत होता, मान हलवत होता. उठताना म्हणाला, "आवाज तसा मोबाईलमध्ये आहेच म्हणा. तुमची सही असती तर चांगलं वाटलं असतं."

गेला. पाच वाजायच्या आत हायवे गाठा म्हणून मीच सांगितलं.

आता ६.१०. अडसर लावलाय. अकरा झाले, थांबला, परत अकरा. पण हायवेच्या बाजूनं, जिथून तो कधी येत नाही. अक्का विचारते, "ह्यो त्योच, का त्या मानसाचा मोबाईल?" कान लावून बसलोय. मला सांगता येत नाही.

कालवड ओरडते. ही कशाला ओरडते आता.

पहिल्या पानावरची यादी पुरी असावी, म्हणून हे. जे माझ्या हातचं नव्हतं आणि माझ्या नावानं कायमचं मागितलं गेलं: तो एक आवाज. नाही म्हणालो. कार्डावरचा शेवटचा आकडा: तीन लाख दहा हजार.